पाण्याचे मुतालिक

पेशवाईच्या दप्तरांत ‘मुतालिक’ हा शब्द वारंवार भेटतो. सरदार मोहिमेवर असला, वतनदार अल्पवयीन असला, किंवा मूळ अधिकाऱ्याला दरबार सोडून कचेरीत बसणे शक्य नसले, की त्याच्या नावाने कारभार पाहण्यासाठी जो माणूस नेमला जाई, तो मुतालिक. अधिकार त्याचा स्वतःचा नसे. परंतु शिक्का त्याच्या हातून उमटे, आणि रयतेची गाठ धन्याशी न पडता बहुधा त्याच्याशीच पडे. मुतालिक बदलला की धनी तोच असूनही कारभाराची चाल बदले. आणि ज्याला आपले काम तडीस न्यावयाचे असे, त्याला नव्या मुतालिकाचा स्वभाव आणि त्याला मिळालेल्या अखत्यारीची मर्यादा ओळखूनच कचेरीची पायरी चढावी लागे.

हा जुना शब्द मला आठवला तो एका अगदी अर्वाचीन स्थळी, म्हणजे व्यायामशाळेत. पुण्यातील ज्या व्यायामशाळेत मी अनेक वर्षे नेमाने जात आलो, तेथील वल्हवण्याचे यंत्र, ज्याला तेथे येणारे सारे ‘रोइंग मशीन’ किंवा नुसते ‘रोअर’ म्हणतात, वाऱ्याच्या चाकाचे आहे: मूठ ओढली की साखळीने जाळीआडचे पंखेदार चाक फिरते, आणि खोलीभर मोठा निःश्वास टाकल्यासारखा आवाज होतो. पुढे कामानिमित्त काही महिने मुंबईस राहावे लागले, तेव्हा तेथील व्यायामशाळेत मला दोन निराळीच यंत्रे भेटली. एक लाकडी चौकटीचे, जे पारदर्शक टाकीतले पाणी घुसळीत असे, आणि दुसरे चुंबकाचे, जे काही केल्या आवाजच करीत नसे. वर्षानुवर्षांच्या सवयीने मी पहिल्या दिवशी जो जोर लावला तो दोन्हीकडे फुकट गेला. पाण्याच्या यंत्रावर ओढीच्या आरंभीच हात भरून आले, चुंबकाच्या यंत्रावर ओढीच्या शेवटी हाताशी काहीच उरले नाही, आणि दोहोंच्या पडद्यांवरचे आकडे माझ्या ओळखीच्या कोणत्याही आकड्याशी जुळेनात. आठवडाभर ही माझी ओढाताण पाहून तेथे येणारे एक निवृत्त सुभेदार, ज्यांची उमेदीची वर्षे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये गेली होती, शेजारी येऊन उभे राहिले. “साहेब, तुम्ही जुन्या यंत्राचा हिशेब या यंत्राकडे मागताय,” ते म्हणाले. “आधी पाय, मग पाठ, मग हात, एवढं आपलं. बाकीचं होडी ठरवते.” मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, पण इथं होडी कुठं आहे?” त्यावर त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि शांतपणे सांगितले, “हीच समजा.”

त्या उत्तराने मी इतिहासाकडे वळलो. मुतालिक नेमला जातो तो धनी हजर नसतो म्हणून. आणि वल्हवण्याच्या यंत्राचा सारा इतिहास हा पाण्याच्या गैरहजेरीचा इतिहास आहे. कोठे पाणी होते पण त्यावर सोडण्याजोगी माणसे नव्हती, कोठे ते हिवाळ्यात गोठत होते, कोठे ते शहराच्या भिंतींपलीकडे राहिले होते. आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या अनेक गुणांपैकी जो गुण त्या घटकेला अत्यावश्यक वाटला, तेवढाच त्याच्या मुतालिकाच्या हवाली करण्यात आला. कोणत्या मुतालिकाला कोणती सनद मिळाली, हे पाहिले की आज व्यायामशाळेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या यंत्रांचे स्वभाव एकमेकांहून इतके भिन्न का, याचा उलगडा होतो.

पहिली नेमणूक ग्रीकांनी केली. त्यांच्या ‘ट्रायरीम’ नामक युद्धनौकेवर १७० वल्हेकरी तीन थरांत बसत. वरच्या थरात ६२, मधल्या नि खालच्या थरांत प्रत्येकी ५४. आणि ही माणसे एकमेकांच्या इतकी निकट बसत की एकाचा ताल चुकला तर त्याचे वल्हे शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आदळे. अशा नौकेत नवशिक्यांना बसविणे म्हणजे शत्रूचे काम आपल्या हाताने करणे होय. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्सचा सेनानी खाब्रियास इजिप्तच्या राजाच्या साहाय्यास गेला, तेव्हा त्याला तेथे नौका पुष्कळ आढळल्या, परंतु वल्हवणारे हात आढळले नाहीत. पॉलिएनस या ग्रंथकाराने युद्धातील युक्त्यांच्या आपल्या संग्रहात नोंदविले आहे की, खाब्रियासने नौकांवरील वल्ही उतरवून घेतली, किनाऱ्यावर लांब बाके ओळीने मांडली, त्यांवर तरुण इजिप्शियनांना बसवून त्यांच्या हाती ती वल्ही दिली, आणि त्यांच्यावर ताल देणारे असे नायक नेमले की ज्यांना ग्रीक आणि इजिप्शियन या दोन्ही भाषा येत होत्या. आणि अशा रीतीने थोड्याच दिवसांत नौका माणसांनी भरल्या. ते दुभाषे नायक माझ्या मनातून जात नाहीत, कारण नव्या साधनाशी जुळवून घेताना माणसाला जे हवे असते ते हेच: आपली भाषा आणि त्या साधनाची भाषा या दोन्ही जाणणारा कोणीतरी.

इ. स. पूर्व २६० मध्ये रोमनांवर याहूनही कठीण प्रसंग आला. कार्थेजसारख्या दर्यावर्दी सत्तेशी सिसिलीसाठी युद्ध जुंपले होते, आणि रोमपाशी तर आरमार असे नव्हतेच. किनाऱ्याला लागलेली कार्थेजची एक नौका हाती पडली, तिच्या नमुन्यावरून १०० मोठ्या नि २० लहान नौका बांधावयास घेतल्या, आणि सुतारांचे काम चालू असतानाच वल्हेकऱ्यांचे शिक्षण जमिनीवर सुरू झाले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने या शिक्षणाचे वर्णन केले आहे ते इतके नेमके आहे की आजच्या शिक्षकालाही त्यात फारशी भर घालावी लागू नये: नौकेवर ज्या क्रमाने बसावयाचे त्याच क्रमाने माणसांना बाकांवर बसविले, मधोमध ताल देणारा उभा केला, सर्वांनी एकदम मागे रेलून हात आपल्याकडे ओढावे, एकदम पुढे झुकून हात दूर लोटावे, आणि ताल देणाऱ्याच्या हुकुमासरशी आरंभ नि विराम करावा, एवढे त्यांच्या अंगी मुरविले. त्याच वर्षी गायस डुइलियस याच्या अधिपत्याखाली या आरमाराने मायली येथे कार्थेजचा पराभव केला. या कोरड्या बाकांना पाण्याच्या जडत्वाचा लेशही ठाऊक नव्हता, कारण हवेत वल्हे फिरविण्यास जोर असा लागतच नाही. पाण्याच्या वतीने त्यांच्याकडे सोपविलेले काम एकच होते, ते म्हणजे ताल.

आमच्या कोकणपट्टीला असा मुतालिक नेमण्याची गरज पडलेली दिसत नाही, आणि याचे कारण उघड आहे. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातील गलबते शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालत; रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने नोंदविले आहे की अशा एका गलबताला चाळीस-पन्नास मजबूत वल्ही असत आणि त्यांच्या बळावर ते ताशी चार मैल जाई, म्हणजे वारा पडून इंग्रजांची उंच शिडांची जहाजे जागच्या जागी खोळंबली असता ही गलबते त्यांच्या पिछाडीस येऊन तोफा डागू शकत. ही वल्ही मारणारा कोळी-भंडाऱ्यांचा मुलगा खाडीच्या तोंडाशीच वाढे. भरती-ओहोटी, वाऱ्याचा रोख आणि तांडेलाचा शब्द यांचे शिक्षण त्याला ज्या वयात मिळे त्या वयात घाटावरची मुले गोट्या खेळत. जेथे धनी दाराशी हजर आहे तेथे मुतालिकाला काय काम?

वल्हे हे जेव्हा उपजीविकेचे वा युद्धाचे साधन न राहता खेळाचे झाले, तेव्हा मुतालिकाची गरज नव्याने भासू लागली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली शर्यत १८२९ साली झाली, अमेरिकेत हार्वर्ड आणि येल १८५२ साली एकमेकांसमोर आले, आणि पाहता पाहता वल्हवणे ही सुशिक्षित तरुणांची शारीरविद्या बनली. याच काळात या विद्येत एक मूलगामी फरक पडला. तोवर वल्हेकरी स्थिर बाकावर बसे आणि पाठ नि हात यांच्या बळावर ओढ घेई. कोणी बाकाला चरबी फासून थोडेसे सरकण्याची युक्ती करीत. न्यूयॉर्कच्या जॉन बॅबकॉकने १८७० च्या सुमारास सरकते आसन होडीत बसविले, १८७३ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत दोन्ही संघ सरकत्या आसनांवर बसले, आणि शरीरातील सर्वांत बलवान स्नायू, म्हणजे मांड्यांचे, या कामात पहिल्यांदा पुरतेपणी रुजू झाले. सुभेदारांचे ‘आधी पाय’ हे वचन रोमन नायकाला सुचणे शक्य नव्हते. ते या आसनापासून जन्मास आले.

१८७२ साली डब्ल्यू. बी. कर्टिस यांना अमेरिकेत वल्हवण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यात विरोध निर्माण करण्यासाठी द्रवाच्या दट्ट्याची योजना होती. आणि १९०० च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधील नॅरागॅन्सेट कंपनीची द्रवाच्या दट्ट्याची यंत्रे व्यायामशाळांतून सर्वत्र दिसू लागली, ती पुढे सुमारे साठ वर्षे टिकून राहिली. नळीतला द्रव बारीक छिद्रातून ढकलला जाताना जो अडथळा करतो, तोच या जातीच्या यंत्राचा प्राण. येथे पाण्याने आपले ओझे मुतालिकाला दिले, परंतु आपली धाव दिली नाही. कारण होडीला एकदा गती दिली की दोन ओढींच्या मधल्या विश्रामातही ती पुढे वाहत जाते, आणि दट्ट्याला अशी स्मृती नसते. हात थांबला की तोही थांबतो. आजही घरगुती वापराची स्वस्त यंत्रे बहुधा दट्ट्याचीच असतात, आणि तेलाचा दट्ट्या असलेल्या यंत्रावर पंधरा-वीस मिनिटे घाम गाळणाऱ्यास जे आढळते, की ओढ हळूहळू हलकी होत चालली आहे, तो त्याचा भ्रम नसतो. तेल तापून पातळ झालेले असते.

या कालखंडातील एक दृश्य मनाला चटका लावते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बोटीच्या सर्वांत वरच्या डेकवर प्रवाशांसाठी जी व्यायामशाळा होती, तिच्यात विजेवर हलणारे उंट नि घोडे होते, जागच्या जागी चालणाऱ्या सायकली होत्या, आणि वल्हवण्याचे यंत्रही होते. सभोवार अटलांटिक महासागर पसरलेला असता माणसे बंद खोलीत पाण्याच्या मुतालिकापुढे बसून वल्हवीत होती! एप्रिलच्या त्या रात्री काही प्रवासी थंडीपासून आडोसा म्हणून याच खोलीत बसून राहिले, आणि बाहेर सोडलेल्या जीवनौकांत ज्यांना जागा मिळाली, त्यांतील काहींना, त्यांत मार्गारेट ब्राऊनसारख्या स्त्रियाही होत्या, खरे वल्हे हाती घ्यावे लागले. त्या काळोखात तालापलीकडे आणि ओझ्यापलीकडे आणखी काय काय पाणी मागते, हे त्यांना जसे कळले असेल तसे कोणत्याही यंत्राला कळविता आले नसते.

विसाव्या शतकाच्या मध्यास मुतालिकाकडे एक नवे काम आले, ते म्हणजे जमाखर्च. होडीतील आठ माणसांपैकी कोण किती जोर लावतो हे पाण्यावर पाहून नेमके सांगणे कठीण, कारण होडी सर्वांची मिळून एक बेरीज दाखविते. सिडनीतील प्राध्यापक फ्रँक कॉटन यांनी खेळाडूंची पारख करण्यासाठी घर्षणाचे एक ओबडधोबड यंत्र केले होते; त्यांच्याच शिष्यवर्गातील जॉन हॅरिसन, जे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये वल्हेकरी म्हणून उतरले आणि पुढे अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले, त्यांनी लोखंडाचे जड चाक आणि त्याला घासणारा छोटा ब्रेक अशी योजना करून शक्तीचे विश्वसनीय मापन साधले. पुढे १९७० नंतर नॉर्वेतील ग्येसिंग-निल्सन यंत्राने रुंद चाकावरून पट्टा नेऊन त्याला वजने लटकविली, म्हणजे घर्षण किती हे वजनावरून थेट काढता येऊ लागले. ‘अर्गोमीटर’ म्हणजे कार्यमापक हे नाव या यंत्रांना शोभून दिसते. हिशेबात ही यंत्रे चोख होती. परंतु घर्षणाचा एक धर्म पाण्याच्या धर्माशी विसंगत आहे. पट्टा चाकाला जितका अडवितो तितकाच अडवितो, मग चाक सावकाश फिरो की वेगाने. पाण्याचे तसे नाही.

पाण्याचा नियम असा, की होडीचा वेग दुप्पट करावयाचा तर विरोध सुमारे चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे आठपट. हा नियम जमिनीवर आणण्याचे श्रेय वाऱ्याला द्यावे लागते, कारण वाराही पंख्याला याच प्रमाणात अडवितो. ऑस्ट्रेलियातील रेप्को कंपनीने १९८० च्या सुमारास वाऱ्याच्या विरोधाचे यंत्र आणले. आणि अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील मॉरिसव्हिल गावी, जेथे हिवाळ्यात नद्या-तलाव गोठून होड्या काठावर पडून राहतात, तेथे डिक आणि पीट ड्रायसिगॅकर या वल्ही बनविणाऱ्या बंधूंनी १९८१ साली ‘कन्सेप्ट-टू’चे पहिले यंत्र विक्रीस काढले. ते यंत्र म्हणजे एक लांब दांडी, तिच्यावर सरकते आसन, आणि पुढे सायकलचे चाक, ज्याच्या आऱ्यांना प्लॅस्टिकची पाती लावलेली. १९८६ च्या दुसऱ्या नमुन्यात सायकलच्या चाकाच्या जागी जाळीत बंदिस्त असे भरीव चाक आले, आणि त्याबरोबर अंकांचा पडदा आला.

या पडद्याने जे केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. ओढ संपवून माणूस आसनावरून पुढे सरकत असतो, त्या एक-दीड सेकंदात चाक आपल्याच गतीने फिरत राहते आणि हवेच्या विरोधाने मंद होत जाते; ते किती झपाट्याने मंद झाले हे यंत्र प्रत्येक ओढीनंतर मोजते, आणि त्यावरून या घटकेला या खोलीत या चाकाला हवा किती अडविते आहे, याचा आकडा काढते. या आकड्याला ‘ड्रॅग फॅक्टर’ म्हणतात. जाळीच्या बाजूस १ ते १० आकड्यांची जी झडप असते, ती केवळ चाकाकडे किती हवा सोडावयाची एवढेच ठरविते, सायकलच्या गिअरप्रमाणे. १० वर ठेवणारा अधिक बलवान आणि ४ वर ठेवणारा दुबळा, असा जो समज व्यायामशाळांतून सर्रास आढळतो, त्याला काही आधार नाही. उलट, जाळीत धूळ नि कापसाचे तंतू साचले तर १० वर ठेवलेले जुने यंत्र ५ वर ठेवलेल्या स्वच्छ यंत्रापेक्षाही हलके लागू शकते. आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने तेथील हवा मुंबईच्या हवेहून थोडी विरळ, म्हणून त्याच झडपेवर चाकाला होणारा अडथळाही थोडा कमी. हे सारे भेद यंत्र स्वतःच ताळेबंदात धरते, आणि म्हणूनच ५०० मीटर २ मिनिटांत कापण्यास सुमारे २०३ वॅट लागतात आणि १ मिनिट ४५ सेकंदांत कापण्यास सुमारे ३०२, हे गणित मॉरिसव्हिलला तसेच मुंबईस तसेच पुण्यास लागू पडते. पंधरा सेकंदांसाठी शक्ती दीडपट! पाण्याच्या नियमाचा हा कठोरपणा या मुतालिकाने जसाच्या तसा राखला.

एकदा सर्वत्र सारखा हिशेब मिळू लागल्यावर जमिनीवरच्या शर्यती ओघानेच आल्या. बोस्टन परिसरात हिवाळी कंटाळा घालविण्यासाठी काही निवृत्त नि विद्यमान खेळाडूंनी ‘क्रॅश-बी’ नामक स्पर्धा सुरू केली, तिचे अंतर पुढे २५०० आणि नंतर ऑलिंपिकप्रमाणे २००० मीटर झाले, आणि २०१८ साली अमेरिकेतील अलेक्झांड्रिया येथे या खेळाची पहिली जागतिक अंतर्गृह स्पर्धा झाली. मुतालिकाने आपली स्वतंत्र गादी मांडली, असेच म्हणावयास हवे.

परंतु हिशेब चोख झाला म्हणून ज्यांचे समाधान झाले नाही अशीही माणसे होती. अमेरिकन वल्हेकरी जॉन ड्यूक यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लाकडी चौकटीत खरोखरीच्या पाण्याची टाकी बसविली आणि तिच्यात पाती फिरविली. येथे पाण्याने आपला प्रतिनिधी म्हणून स्वतःचाच एक घडाभर अंश पाठविला. ओढ सुरू होताच पात्यांना आणि त्या पाण्याला गती द्यावी लागते, म्हणून पहिल्या क्षणी हात जड होतो, आणि परतीच्या वेळी टाकीत पाणी घुमत राहून खळखळते. डच अभियंता कॅस्पर रेकर्स यांना याहून सूक्ष्म उणीव जाणवली. खऱ्या होडीत होडी हलकी असते आणि माणूस जड, म्हणून माणूस मागे-पुढे सरकतो असे जे दिसते, त्यात पुष्कळ अंशी होडीच त्याच्या पायांखालून मागे-पुढे होत असते. जमिनीला खिळलेल्या यंत्रावर मात्र माणसाला आपले सगळे वजन स्वतःच ये-जा करवावे लागते, आणि प्रत्येक परतीत ते थोपवावे लागते. रेकर्स यांनी चाक आणि पायफळी मिळून एका सरकत्या गाड्यावर बसविली, आणि १९९५ साली त्यांना त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. राहिले चुंबकाचे यंत्र; त्यात धातूच्या फिरत्या चाकाजवळ चुंबक आणला की चाकात विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन ते अडविले जाते, काहीही घासत नाही, काहीही वाजत नाही, आणि विरोध बोटाने फिरविलेल्या खुंटीवर ठरतो. शहरातल्या सदनिकेत, शेजारी निजलेले असता, हा निःशब्द मुतालिक सोयीचा खरा. परंतु पाण्याचा स्वभाव त्याच्यात सर्वांत थोडा उतरला आहे.

महाराष्ट्रात या यंत्रांनी जे काम केले त्याचे मोल मला फार वाटते. पुण्यात रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ साली स्थापन झाला आणि त्याचा मुळा नदीवरील वार्षिक सोहळा पुणेकरांच्या परिचयाचा आहे. तरीही घाटावरच्या सामान्य शेतकरी कुटुंबातील मुलाला वल्हे हाती धरण्याचा योग क्वचितच येई. लष्कराने दापोडीच्या मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजात वल्हेकऱ्यांचे शिक्षणकेंद्र चालविले, तेव्हा ही वाट उघडली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या पाण्याचे दुर्भिक्ष सोसणाऱ्या गावचा, वडिलांबरोबर विहिरी खणण्याची मजुरी केलेला दत्तू भोकनळ २०१२ साली सैन्यात येऊन वल्हवू लागतो, चार वर्षांत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत भारताचा एकटा वल्हेकरी म्हणून उतरतो, आणि २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या संघातून सुवर्णपदक मिळवितो. या घटनेत शरीराच्या बळाइतकाच त्या बळाचा चोख हिशेब मांडणाऱ्या व्यवस्थेचाही वाटा आहे. ज्याच्या गावी नदी नाही, त्याचे बळ नदीवाल्याच्या पंक्तीस बसविता येते ते या जमाखर्चामुळे. कोकणातल्या मुलाला जे खाडी देई, ते घाटावरच्या मुलाला निदान अंशतः मुतालिकाच्या कचेरीत मिळू लागले.

एवढे पाहून झाल्यावर मुंबईतील त्या दोन यंत्रांशी माझी जी ओढाताण झाली होती तिचा अर्थ मला लागला. मी पुण्याच्या मुतालिकाला मिळालेल्या सनदेवरून मुंबईच्या मुतालिकांशी व्यवहार करीत होतो. पाण्याच्या टाकीपुढे बसल्यावर पहिला झटका मारू नये, पायांनी हळूहळू लोटीत जावे आणि पाण्याला घुमू द्यावे. चुंबकापुढे बसल्यावर ओढीच्या शेवटी त्याच्याकडून जोराची अपेक्षा धरू नये, गती आपणच सांभाळावी. दट्ट्यापुढे बसल्यावर परतीच्या वेळी वाहत जाण्याचे सुख मागू नये. वाऱ्याच्या चाकापुढे बसल्यावर झडपेचा आकडा न पाहता ड्रॅग फॅक्टरचा आकडा पाहावा. पायफळीवरचा पट्टा सर्वत्र पावलाच्या रुंद भागावर, बोटांच्या मुळाशी यावा, मग फळी उंच असो की सखल. आणि एका पडद्यावरचा वेळ दुसऱ्या जातीच्या पडद्यावरच्या वेळेशी ताडून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण प्रत्येक कारखानदाराचा मीटर त्याच्या स्वतःच्या गणिताने ठरलेला असतो. सातारी पायलीने पुण्याची पायली मोजण्यासारखेच ते आहे. पंधरवडाभराने माझे हात शांत झाले. सुभेदारांनी एकदा येऊन नुसती मान हलविली, आणि ती मला पडद्यावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाची वाटली.

थ्युसिडिडीजच्या इतिहासात एक छोटा प्रसंग आहे. इ. स. पूर्व ४२९ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी अथेन्सच्या बंदरावर अचानक छापा घालण्याचा बेत स्पार्टाच्या पक्षाने केला, तेव्हा त्यांचे खलाशी कॉरिंथकडे होते आणि ज्या चाळीस नौका वापरावयाच्या त्या भूमीच्या पलीकडच्या अंगाला, मेगाराच्या निसाया बंदरात होत्या. म्हणून असे ठरले की प्रत्येक माणसाने आपले वल्हे, आपली बसण्याची गादी आणि वल्हे अडकविण्याचा चामडी वेढा, एवढे बरोबर घ्यावे आणि पायी निघावे. नौका परक्या होत्या, पुष्कळ दिवस कोरड्या पडून राहिल्याने पाण्यात सोडल्यावर त्या गळू लागल्या, आणि मूळ बेतही वाटेत सोडून द्यावा लागला. तरीही खांद्यावर वल्हे आणि काखेत गादी घेऊन चालणारी ती रांग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, कारण या विद्येत माणसाचे स्वतःचे काय आणि साधनाचे काय, याची वाटणी तिने इतकी स्वच्छ करून दाखविली आहे. व्यायामशाळेत आता वल्हेही यंत्राचे असते आणि आसनही यंत्राचे. आपण घरून जे नेतो ते आधी पाय, मग पाठ, मग हात, एवढेच. आणि परक्या नौकेत बसताना त्या खलाश्यांनी जसे आधी आपली गादी नीट ठेवून घेतली असेल, तशी पहिली चार-पाच मिनिटे हा क्रम त्या यंत्रावर नीट बसवून घ्यावा, मगच ओढीला सुरुवात करावी.